हालत्यांची भामाबाई

म्हसवडच्या वरच्या अंगाला, माळावर, धनगरांची एक लहानशी वस्ती आहे. सरकारदरबारी तिचं नाव काही वेगळं असेल, पण आख्ख्या माणदेशात तिला हालत्यांची वस्ती म्हणत. त्या भावकीतल्या एका घरात पिढीगणिक एखाद-दुसरं माणूस ऐन उमेदीत हालायला लागायचं. आधी बोटं उडायची, मग खांदे, मग सगळं अंग. चालणं असं व्हायचं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, गडी ढोलाच्या तालावर धनगरी गजी नाचत येतोय. पुढं जीभ जड व्हायची, घास घशात अडकायचा आणि माणूस वाळत वाळत जायचा. कुणी म्हणायचं देवाचा कोप, कुणी म्हणायचं करणी. पोरीबाळी द्यायच्या-घ्यायच्या वेळी मात्र कुणीच काही म्हणायचं नाही. त्या घरातली माणसंही नाही आणि त्यांचे सोयरेही नाहीत.

भामाबाई त्याच घरातली लेक. तिचा बाप धुळा हालायला लागला तेव्हा ती परकरात होती, आणि तो गेला तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. मधली सगळी वर्षं बापाला भरवायचं काम तिच्याकडं. आईनं घास पुढं केला की धुळाचा हात उडायचा आणि वाटी भिंतीवर जायची. भामा मात्र त्याच्या मानेबरोबर आपला हात फिरवत न्यायची आणि मान जरा थांबली की नेमका घास तोंडात ठेवायची. त्यामुळं हालणाऱ्या माणसाचं तिला भय असं कधी वाटलंच नाही. अंगानं उंच, आवाज माळावरचा, आणि मनात आलेलं तोंडावर आणायला तिला वेळ लागत नसे. सिद्धू नावाच्या शेजारच्या वस्तीवरच्या मेंढपाळाशी तिचं लग्न झालं, एक मुलगा आणि एक मुलगी झाली, आणि हालण्याची गोष्ट मागं पडली असं सगळ्यांनी धरलं.

एकाहत्तर साली मेंढरं कातरायच्या दिवसांत ती माहेरी मदतीला आली होती. थोरला भाऊ हरिबा कातरायला बसला होता. हरिबाचा हात म्हणजे त्या भागात नावाजलेला. मेंढराला कळायच्या आत तो त्याचं पांघरूण उतरवून ठेवायचा. त्या दिवशी कातर निसटली आणि मेंढीच्या कुशीत रुतली. बाकीचे गडी हसले.

"आरं हरिबा, म्हातारा झालास व्हय रं?"

हरिबाही हसला. पण भामाबाईचं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडं होतं. गुडघ्यावर ठेवलेल्या त्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी एकेक करून उठत होती, आणि हरिबाला त्याचा पत्ता नव्हता.

ती उठली आणि लोकर भरणाऱ्या भावजयीपाशी गेली. "वैनी, कवापास्नं चाललंय ह्ये?"

हरणाबाईनं आधी न कळल्यासारखं केलं. मग लोकरीच्या ढिगावरच बसली. "दसऱ्यापास्नं. रागबी लय येतुया त्यास्नी. कवा बोट लावलं न्हाई त्या मानसानं, आन आता तांब्या फेकून मारत्यात."

"दादा न्हाई मारत वैनी. त्यो रोग मारतुया. बाचं आसंच झालं व्हतं."

वस्तीवरचं वडीलधारं माणूस म्हणजे त्यांचा चुलता आप्पासो. धुळाचा पाठचा भाऊ. सत्तरीकडं झुकलेला, काठीसारखा ताठ, एक बोट कधी हाललं नव्हतं त्याचं. त्यानं निकाल दिला, आपल्या आज्यानं सिद्धनाथाचा नवस मोडला त्याचं हे फळ. हरिबानं उपास धरावा, दंडवत घालत देवळाला जावं.

भामाबाई दर रविवारी सिद्धनाथाला हात जोडणारी. तिनं देवाचं नाव खाली पडू दिलं नाही. पण ती चुलत्याला म्हणाली, "आण्णा, माझ्या बानं दंडवत घातलं, बोकड दिलं, उपास धरलं. उपासानं तर त्यो आदीच गळाला. देवाला आपल्या मागं लागायचं काय कारन? आपल्याला ह्यातलं कायतरी ठावं न्हाई, येवडंच."

आप्पासोला ते आवडलं नाही. घरातल्या बायकांनी निकालावर बोलावं ही रीत त्याच्याकडं नव्हती. मधला भाऊ जोतिबा, हरिबापेक्षा लहान आणि भामाबाईपेक्षा मोठा, त्यालाही आप्पासोनंच वस्तीबाहेर काढलं होतं. जोतिबा सांगलीला हळदीच्या पेठेत हमाली करायचा. एका यात्रेला तो झोकांड्या खात आला, चारचौघांत पडला. आप्पासोनं सगळ्यांदेखत सुनावलं, दारूडा माणूस या वस्तीवर नको. त्यानंतर जोतिबाचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. माळ भाजून निघाला, आडातलं पाणी गढूळ झालं आणि मग तेही आटलं. सगळा मुलूख खडी फोडायला रस्त्यावर बसला. हरिबाही गेला. पण हातोडा एकीकडं पडायचा आणि दगड दुसरीकडं राहायचा. मुकादम म्हणाला, "सकाळी सकाळी पिऊन येतोस? घरी जा." हरिबानं त्याच्या अंगावर धाव घेतली, माणसांनी धरलं, आणि कामावरून नाव गेलं. कामावर खायला सरकारी सुकडी मिळायची तीही बंद झाली. त्या उन्हाळ्यात सगळीच माणसं वाळली, पण हरिबा दुप्पट वाळला. भामाबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोट रिकामं असलं की त्याचं हालणं वाढतं, घरात भांडण झालं की आणखी वाढतं; आणि मेंढरांमागं फिरून आला, पोटभर खाल्लं, की संध्याकाळी तो जरा निवतो. झोपला की तर सगळंच थांबतं.

माणात राहण्यात अर्थ नव्हता. दोन्ही वस्त्यांनी मेंढरं एकत्र केली आणि सगळे कृष्णेकाठी पलूसच्या बाजूला उतरले. तिकडं ऊसवाल्यांची रानं होती. मेंढरं रानात बसवली की खत व्हायचं, त्याच्या बदल्यात धान्य मिळायचं, मेंढरांना उसाचं वाडं मिळायचं. मानसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या रानात त्यांनी वाघूर, मेंढरं कोंडायची जाळी, लावली. मानसिंग फौजेतून निवृत्त होऊन आलेला. लढाईतला नव्हे, फौजेच्या दवाखान्यातला. त्याची बायको मनुबाई रोज सांजच्याला ताकाची कळशी पाठवायची.

पलूसच्या बाजारात हरिबा एकदा मिरच्या घ्यायला गेला आणि बांगड्या विकणाऱ्या एका बाईच्या पाटीवर कोलमडला. बांगड्या फुटल्या, बाई ओरडली, लोक धावले. "दारू पिऊन बायांच्या अंगावर पडतूस?" म्हणत दोघातिघांनी त्याला धरून बदडायला सुरुवात केली. भामाबाई पलीकडच्या दुकानात होती. ती आली ती सरळ माणसांच्या मधून घुसली आणि भावावर ओणवी झाली.

"मारा! पर आदी त्येच्या तोंडाचा वास घ्या, मग मारा! एक जनबी वास घ्याया तयार हाय का?"

कुणी पुढं होईना. मानसिंग बाजारात होता, तो आला. तो खाली बसला, हरिबाचं तोंड आपल्या तोंडाशी नेलं, मग त्याचा हात आपल्या हातात धरून बराच वेळ बघत राहिला.

"वास न्हाई," तो उठून म्हणाला. "ह्यो मानूस आजारी हाय. जावा घरला सगळे."

त्या संध्याकाळी रानात बसून मानसिंगनं सांगितलं, "पुण्याला आमच्या लष्करी दवाखान्यात आसाच एक जवान बघितला व्हता म्या. त्येचाबी बाप तसाच गेलेला. ह्यास्नी मिरजेला न्या. मी येतू संगं."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात ते चौघं गेले, हरिबा, हरणाबाई, भामाबाई आणि मानसिंग. डॉक्टर उतारवयाकडं झुकलेले, घाई नसलेले गृहस्थ होते. त्यांनी हरिबाला जीभ बाहेर काढून धरायला सांगितलं. जीभ आत-बाहेर उड्या मारू लागली. बोट धरायला सांगितलं, तर मूठ कधी घट्ट, कधी ढिली, गाईची धार काढल्यासारखी. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"घरात आणखी कुणाला होतं हे?"

"बाला," भामाबाई म्हणाली. "आज्याला. आज्याच्या भावालाबी, म्हनं."

"तुमच्या वडिलांना भाऊ आहेत?"

"चुलता हाय. धडधाकट हाय, सत्तरीचा."

"त्यांच्या मुलानातवंडांत कुणी?"

भामाबाई थांबली. हा विचार तिनं कधी केला नव्हता. आप्पासोची पोरं, पोरांची पोरं, सगळं गोकुळ होतं, आणि त्यात एकही हालता नव्हता. "कुनीबी न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली. ते म्हणाले, हा देवाचा कोप नाही, करणी नाही. शंभर वर्षांपूर्वी एका अमेरिकन डॉक्टरानं हा रोग नीट लिहून ठेवला, त्याच्या नावानं याला हंटिंग्टनचा आजार म्हणतात. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात. तो आईबापाकडून रक्तात उतरतो. आजारी माणसाच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची निम्मी शक्यता असते, आणि ज्याला तो उतरत नाही त्याच्या पुढच्या पिढीलाही तो होत नाही.

हरणाबाईला काही उमगलं नाही. भामाबाई मात्र खाली मान घालून विचार करत होती. "डागतरसायेब, आमच्याकडं बुटक्या कानाचा एक मेंढा व्हता. चांगल्या कानाच्या मेंढ्यास्नी लावला, तर निम्मी कोकरं बुटक्या कानाची, निम्मी चांगली. आन चांगल्या कानाच्या कोकरास्नी फुडं बुटकं कान कवाच झालं न्हाईत. तसंच ह्ये?"

"अगदी तसंच."

"म्हंजी मलाबी आसंल."

डॉक्टरांनी नजर चुकवली नाही. "असू शकेल. आज ते कळायची कुठलीही तपासणी नाही. वय वाढत जाईल आणि काही दिसणार नाही, तसतशी भीती कमी होत जाईल. पण आज मी एवढंच सांगू शकतो, निम्मी शक्यता आहे."

"आन निम्मी न्हाई."

"निम्मी नाही."

"मग न्हाईच धरून चालती मी. आसंल तर त्येचं त्यो येईल, बोलवाया कशाला जायाचं?" असं म्हणून तिनं पदर खोचला. "आता दादाचं सांगा. आमच्या हातात काय हाय?"

डॉक्टर म्हणाले, "रोग थांबवायचं औषध जगात कुठंच नाही. हालणं थोडं कमी करायच्या गोळ्या आहेत, त्या देतो. पण बाकीचं पुष्कळ तुमच्याकडं आहे. हा माणूस बसल्या जागी गड्याइतके कष्ट करतो आहे; त्याला दुप्पट खायला लागतं. उपास अजिबात नको. दारू नको. चालता येतं तोवर चालू दे. माणसांत राहू दे, कुणी हिणवू नका. मी पाहिलंय, एकाच घरातले दोघं असतात, रोग तोच असतो, पण एक बरीच वर्षं बरा राहतो आणि एक लवकर संपतो. का, ते मला पुराव्यानं सांगता येणार नाही. पण पोट आणि माणसं, या दोन गोष्टींचा त्यात वाटा असावा असं मला वाटतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघंच भावंडं?"

भामाबाई आणि हरणाबाईनं एकमेकींकडं पाहिलं. "आनिक एक हाय," भामाबाई म्हणाली. "सांगलीत. दारू पितो म्हनून काडला त्येला."

"आधी काय सुरू झालं? दारू, का झोकांड्या?"

दवाखान्यातून बाहेर पडून त्यांनी सांगलीची मोटार धरली.

हळदीच्या पेठेमागं हमालांच्या खोल्यांत जोतिबा सापडला. हरिबापेक्षा लहान, पण दिसायला बापासारखा म्हातारा. गालफडं बसलेली, अंगाला खरचटल्याच्या खुणा, आणि सगळं शरीर चाळणीतल्या दाण्यांसारखं उडत होतं. खोलीत दारूचा वास होता. बहिणीला बघून तो रडला की हसला ते कळेना.

"जोतिबा, पयली दारू कवा प्यालास रं?"

त्याची जीभ अडखळत होती. "यात्रेतनं... आलो... तवा. समदी दारुड्याच... म्हनत्यात. मग म्हनलं... पिऊन तरी घ्यावं."

हरिबा त्याच्यापाशी गेला. दोघं भाऊ एकमेकांना धरून उभे राहिले, आणि दोघांचीही अंगं हालत होती. भामाबाईनं जोतिबाचं धडुतं गोळा केलं. त्याला विचारलं नाही की येतोस का.

पलूसला परत आल्यावर तिनं सिद्धूला सगळं सांगायचं ठरवलं. तो दुपारचा बांधावर मेंढरांकडं तोंड करून बसला होता. ती शेजारी बसली आणि डॉक्टर जे बोलले ते तिनं काही न झाकता सांगितलं, स्वतःचं आणि दोन्ही पोरांचंही. "तुमास्नी फसवून दिली मला. तवा मलाबी ठावं नव्हतं. आता ठावं झालंय तर सांगती."

सिद्धूनं तोंडातली गवताची काडी काढली. "फसवलं कुनी?" तो म्हणाला. "लगनाच्या आदी मी आलतो तुमच्या वस्तीला, मेंढा बघाया. तुजा बा बसलेला व्हता, आन तू त्येला भरवत व्हतीस. तवा बघितलं की समदं."

"बघून मागनी घातली?"

"बघून म्हनूनच घातली. मला हालाया लागलं तर आशीच कुनीतरी आसावी, आसं वाटलं."

भामाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि ती मोठ्यानं हसली. मेंढरांनी माना वर केल्या. मग तिला रडूही आलं, पण ते थोडंच.

पाऊस झाल्यावर ते माणात परतले. भामाबाईनं माहेरच्या घराची मांडणीच बदलली. खाट काढून टाकली, जमिनीवर लोकरीचं जाड जेन अंथरलं, भिंतीलाही घोंगड्या बांधल्या, म्हणजे हात आपटला तरी सोलटायचा नाही. पातळ पाणी घशात जातं आणि ठसका लागतो, तेव्हा आंबील दाट करायची. भाकरी दुधातुपात कुस्करून मऊ करायची. थोडं थोडं, दिवसभर. घास गिळताना हनुवटी खाली. हरणाबाईला तिनं हे सगळं शिकवलं आणि एक दिवसाआड स्वतः येऊन बघू लागली. घरात मोठ्यानं भांडायचं नाही हा नियम तिनं आप्पासोलाही लावला. हरिबा मेंढरांमागं जात राहिला. आता तो राखणदार उरला नव्हता, पण कळपातलं प्रत्येक मेंढरू तो तोंडावरून ओळखायचा, चुकलेलं कोणतं ते सांगायचा, आणि संध्याकाळी गडी ओव्या म्हणायला बसले की त्याला शब्द आठवायचे. त्याच्या बोलण्यातून ते स्पष्ट निघायचे नाहीत, पण बरोबरचे ते उचलायचे.

जोतिबा दुसऱ्या हिवाळ्यातच गेला. फार उशीर झाला होता त्याला. त्या दिवशी आप्पासो बाहेर दगडावर बसून होता. "म्या हाकलला त्येला," एवढंच तो म्हणाला.

"तुमास्नी ठावं नव्हतं आण्णा," भामाबाई म्हणाली. "मलाबी नव्हतं. आता हाय."

तरीही माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत सांगणं वेगळं. हरिबाची मुलगी धुरपा लग्नाची झाली आणि औंधाकडच्या दादासो नावाच्या माणसाच्या मुलासाठी, भाऊसोसाठी, तिला मागणी आली. घर चांगलं होतं, मुलगा धडधाकट होता. आप्पासोनं ठरवलं, पाहुणे यायच्या दिवशी हरिबाला लांबच्या वाड्यावर मेंढरांकडं पाठवायचं. हरणाबाईनं मान डोलावली. पोरीची आई होती ती.

भामाबाईला हे आदल्या दिवशी कळलं. पाहुणे आले, गूळपाणी झालं, बोलणी सुरू झाली, आणि ती हरिबाचा हात धरून आत आली. त्याला अंघोळ घातलेली, नवं धोतर, डोक्याला पटका. तिनं त्याला पाहुण्यांसमोर घोंगडीवर बसवलं.

"ह्यो पोरीचा बा," ती म्हणाली. "ह्यो प्यालेला न्हाई, येडा न्हाई. आमच्या घरात रक्तातनं येनारा रोग हाय. मिरजेच्या डागतरांनी सांगितलंय, पोरीला यायची निम्मी भीती हाय. मलाबी हाय. पोरगी गुनी हाय, कष्टाळू हाय, ती तुमी बघालच. ह्ये तेवडं तुमास्नी दिसलं नसतं, म्हनून सांगितलं."

खोलीत हरिबाच्या पायाचा जमिनीवर घासण्याचा आवाज तेवढा येत होता. दादासोनं पटका नीट केला, मुलाला खूण केली आणि ते चहा न घेता उठून गेले.

त्यानंतर जे झालं ते भामाबाईनं गुमान ऐकून घेतलं. आप्पासो म्हणाला, पुन्हा या वस्तीची पायरी चढू नकोस. हरणाबाई म्हणाली, माझ्या लेकीचं वाटोळं केलंस. धुरपा तर तोंड फिरवून निघून गेली. एकटा हरिबा काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. भामाबाई खाली बसली आणि कान जवळ नेला.

"बरं... केलंस," तो म्हणत होता. "मला... लपवाय... लागले... व्हते."

पायरी चढू नको म्हणाले तरी ती एक दिवसाआड येतच राहिली. हरिबाला भरवायची आणि जायची. धुरपा महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "आत्या, मला हाय का न्हाई ह्ये कळाया किती वरसं लागतील?"

"लय वरसं," भामाबाई म्हणाली. "मला अजून कळलेलं न्हाई."

"मग तू रोज कशी जगतीस?"

"सकाळी उठती, मेंढरं सोडती. आनिक कसं जगायचं?"

धुरपा पहिल्यांदाच हसली.

म्हसवडच्या रथाच्या वेळी, यात्रेच्या गर्दीत, दादासो भामाबाईला शोधत आला. ती बांगड्यांच्या पालापाशी उभी होती. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आक्का, माजी भन हाय, रंगूबाई. तिचं हात कापत्यात. पाऊल उचलत न्हाई. दोन वरसं झाली, आतल्या खोलीत ठेवलीया, आमी तिला कुनासमोर आनलं न्हाई. तुमी त्या दिवशी भावाला आनून बसवला, तवापास्नं मला ती खोली बघवंना."

भामाबाई दुसऱ्याच दिवशी त्याच्याबरोबर औंधाला गेली. रंगूबाईला बघून तिला कळलं की हे हालणं निराळं आहे. हिचा हात सारखा एकाच तालात कापत होता, अंग लाकडासारखं ताठ होतं. आजार कोणता ते तिला सांगता येईना, पण रस्ता तिला माहीत होता. तिघं मिरजेला गेले. डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात. हा बहुतेकदा रक्तातून येत नाही. वय, नशीब, आणखी काय काय असतं ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही. पण यावर नवं औषध निघालंय. त्या गोळ्यांनी रंगूबाई पुन्हा स्वतःच्या हातानं भाकरी मोडून खाऊ लागली. औंधाच्या बाजूनं मग आणखी माणसं भामाबाईकडं येऊ लागली. कुणाचा बाप, कुणाची सासू. कुणाला बरं करणारं औषध होतं, कुणाला नव्हतं. ज्यांना नव्हतं त्यांना ती भरवायचं कसं ते दाखवायची.

भाऊसोचं लग्न तोवर दुसरीकडं झालं होतं. दादासोनं ते सांगताना मान खाली घातली. भामाबाई म्हणाली, "आसू द्या." पुढच्या वर्षी धुरपाला आणखी एक मागणी आली. या वेळी भामाबाईला बोलायची वेळ आली नाही. पाणी घेऊन आलेल्या धुरपानं तांब्या खाली ठेवला आणि स्वतःच बोलायला सुरुवात केली. ते पाहुणे उठले नाहीत. पोराचा बाप म्हणाला, "आमच्यात मधुमेह हाय. त्यो कुनी सांगत न्हाई, म्हनून आमीबी सांगत नव्हतो." ते लग्न झालं. पोरं होऊ द्यायची की नाही ते ठरवायला ती दोघं मिरजेला डॉक्टरांकडं जाऊन आली, आणि काय ठरवलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भामाबाईनंही विचारलं नाही.

हरिबा अठ्ठ्याहत्तर साली गेला. शेवटची दोन वर्षं त्याला उठता येत नव्हतं, पण तो वाळला नाही. अंगावर मांस होतं आणि पाठीला एक जखम नव्हती. मातीला पलूसवरून मानसिंग आणि मनुबाई आले होते. आप्पासो त्या दिवशी चुलत्यासारखा नव्हे, धाकट्यासारखा भामाबाईजवळ येऊन बसला.

त्यानंतरच्या वर्षी ती एका बाईला घेऊन मिरजेला गेली होती. काम झाल्यावर डॉक्टरांनी तिला थांबवलं. "भामाबाई, जीभ काढा बघू. धरून ठेवा."

तिची जीभ थोडीही हालली नाही. त्यांनी बोट धरायला दिलं, तिनं ते असं धरलं की त्यांना सोडा म्हणावं लागलं. चालून दाखवायला सांगितलं, ती भिंतीपर्यंत गेली आणि आली.

"तुमचे वडील कोणत्या वयात हालायला लागले?"

"माझ्या आत्ताच्या वयात त्यो सरत आला व्हता."

"चांगलंच आहे मग," डॉक्टर म्हणाले. "पण अजून खात्रीनं सांगता येणार नाही. उशिरा सुरू झालेलीही माणसं असतात. आणखी दहा वर्षं गेली की मी मोकळेपणानं सांगेन."

"मग दहा वर्सांनी येती," भामाबाई म्हणाली. "तुमी ऱ्हावा मातर जाग्यावर."

डॉक्टर हसत हसत दारापर्यंत आले. बाहेर बरोबरची बाई औषधाची पिशवी घेऊन ओट्यावर बसली होती, तिचा नवरा लाजून लांब उभा होता. भामाबाईनं त्याला हाक मारली, "आवं पावनं, हिकडं या, धरा हिचा हात. तुमची बायकू हाय, कुनाची चोरी न्हाई." आणि तिघं एसटी स्टँडाकडं चालू लागली.